हिरवी लाईट लागली का?

डिसेंबरातली सकाळ, साडेआठची वेळ. फोन आला. "भाऊ, नेट बंद पडी गयं. आते काय करानं?"

अमळनेरच्या बाहेर धुळ्याच्या रस्त्यावर एक जिनिंग (कापसातली सरकी काढायचा कारखाना) आहे, तिथल्या वजनकाट्यावर बसणारा पोरगा बोलत होता. काट्याच्या खोलीतलं लिनक्सवर (विंडोजसारखी दुसरी सिस्टिम) चालणारं कॉम्प्युटर मीच बसवून दिलंय.

भरलेला ट्रॅक्टर तोलतात, कापूस उतरवतात, रिकामा ट्रॅक्टर पुन्हा तोलतात. फरक तो कापूस. छापील पावती निघते, तेच वजन ऑफिसात उमटतं आणि तिथून पैसे निघतात. नेट गेलं की पोरगा हाताने पावत्या लिहितो. उन्हातान्हात कापूस वेचून आणलेला माणूस हाताने लिहिलेल्या आकड्याकडे कसा बघतो, ते मी लहानपणी वडिलांसोबत काट्यावर उभं राहून पाहिलंय. म्हणून हातातलं काम ठेवून निघालो.

पोरगा विचारत होता, सेटिंगमध्ये जाऊन आयपी (कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता) हाताने टाकू का? मी म्हटलं, काहीच बदलू नको. माझा नियम पक्का आहे: खालून वर जायचं. आधी वायर, मग आयपी, मग राऊटर, मग बाहेरचं नेट, डीएनएस (साईटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सोय) सगळ्यात शेवटी. खालचं तपासायच्या आधी वरचं बदललं की एका बिघाडाचे दोन होतात.

गेल्या गेल्या कॉम्प्युटरच्या मागे वाकलो. लॅनच्या, म्हणजे नेटची वायर लागते त्या, पोर्टावरची हिरवी लाईट बंद. टर्मिनलमध्ये (हुकूम टाईप करायच्या खिडकीत) 'आयपी लिंक' हा हुकूम दिला. लॅन कार्डाच्या ओळीत (हल्ली त्याचं नाव ईटीएच० नसतं, ईएनपी२एस० असं काहीतरी असतं) 'नो-कॅरिअर' आलं, आणि शेजारीच 'अप'. म्हणजे लिनक्सने पोर्ट चालू ठेवलंय, पण पलीकडून सिग्नलच येत नाही. 'इथटूल' या दुसऱ्या हुकमानेही तेच सांगितलं, लिंक डिटेक्टेड: नो.

मग कॉम्प्युटर उचलून ऑफिसात नेलं आणि माझ्या पिशवीतली दोन मीटरची खात्रीची वायर थेट स्विचला (सगळ्या वायरी जिथे येऊन जुळतात तो डबा) लावली. लाईट लगेच लागली, स्पीड १००० मेगाबिट. कार्ड चांगलं, ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) चांगला. दोष मधल्या लांब वायरीत.

वायरीत आठ तारा असतात, लॅन टेस्टरवर प्रत्येकीचा एक दिवा. त्याचे दोन तुकडे लांब वायरीच्या दोन टोकांना लावले. एक, दोन... तीनवर अंधार. पुढचे सगळे लागले. तीन म्हणजे आमच्या जोडणीत पांढरी-हिरवी. शंभरच्या स्पीडलाही एक, दोन, तीन आणि सहा या चार तारा लागतातच, त्यामुळे आठातली ही एक गेली आणि सगळं ठप्प झालं.

वायर साधारण सत्तर मीटर, शंभरच्या मर्यादेच्या आत. शिडी लावून शेडवर चढलो. सगळीकडे रुईचा भुरा चिकटलेला. ती घरात वापरायची साधी वायर, दोन उन्हाळे पत्र्यावर पडून होती, आणि आपल्याकडचा मे महिना कुणाला सोडत नाही. कातडं तडकलं होतं. पत्र्याच्या कडेवरून जिथे ती खाली वळते, तिथे कडेने आत कापत नेलेलं. बोटाने दाबलं तर पांढरी-हिरवी तार सुटून हातात आली.

तिथेच कापून दोन्ही टोकांना नवे कनेक्टर बसवले, मध्ये जोडणी. पिळलेल्या जोड्या उलगडायच्या, पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी अशा ओळीत चपट्या धरायच्या, टोकं एका रेषेत कापायची आणि कनेक्टरच्या पुढच्या भिंतीला तांबं टेकलेलं दिसेपर्यंत आत सारायची. मगच क्रिंपर (कनेक्टर दाबून बसवायची पक्कड) दाबायचा. वाऱ्यात एका टोकाची तपकिरी थोडी मागे राहिली. लाईट लागली, पण 'इथटूल' स्पीड १०० दाखवत होतं आणि टेस्टरवर आठवा दिवा बंद. १००० ला आठही तारा लागतात. काट्याच्या पावत्यांना शंभर भरपूर झाले, पोरगाही म्हणाला राहू द्या भाऊ. पण अर्धवट बसलेली तार उद्या हलते आणि ऐन गर्दीत दगा देते. कनेक्टर कापून पुन्हा बसवला. आता १०००.

पुढचं दोन मिनिटांत झालं. 'आयपी ए' दिलं तर राऊटरने १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता आपोआप दिलेला. राऊटरला पिंग (पोचतंय का ते बघायची हाक) गेलं, ८.८.८.८ ला (बाहेरच्या नेटवरचा गूगलचा पत्ता) गेलं, साईटच्या नावालाही गेलं.

बाहेर आलो तेव्हा सात ट्रॅक्टर रांगेत होते. पहिली छापील पावती निघाली तशी पुढच्या आजोबांनी ती डोळ्यांजवळ धरून दोनदा वाचली, घडी करून टोपीत ठेवली आणि ट्रॅक्टरवाल्याला म्हणाले, चाल.

ती जोडणी कायमची ठेवायची नाही. बाहेर उन्हात टिकणारी वायर ऐंशी मीटर सांगून ठेवली आहे. रविवारी काटा बंद असतो, तेव्हा पीव्हीसी पाइपातून, पत्र्याला न टेकवता भिंतीकडेने नेणार.