पीएचपीत स्ट्रिंगचा सराव करताय? मग मराठी शब्द घ्या

पीएचपी ही वेबसाइटची प्रोग्रॅमिंग भाषा शिकताना स्ट्रिंगचा, म्हणजे मजकुराचा, धडा आला की सगळे इंग्रजी 'हॅलो वर्ल्ड' घेऊन बसतात, लांबी मोजणारं स्ट्रलेन फंक्शन चालवलं, ११ आले, झालं, पुढचा धडा. माझं म्हणणं एवढंच की हाच सराव मराठी शब्दांवर करा, कारण इंग्रजीत सगळं इतकं सरळ जातं की स्ट्रिंग आतून कशी असते ते कळतच नाही.

साधं 'पुणे' घ्या. आपल्या लेखी दोन अक्षरं, स्ट्रलेन म्हणतं १२! कारण ते अक्षरं मोजतच नाही, बाइट (साठवणीचं एकक) मोजतं, आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. प, उकार, ण, मात्रा, चार त्रिक बारा. एमबी_स्ट्रलेन वापरलं तर चिन्हं मोजून ४ येतात, आणि आपले दोनच हवे असतील तर ग्राफीम_स्ट्रलेन, पण त्याला पीएचपीचं इंटल नावाचं जोड-एक्स्टेन्शन चालू लागतं, स्वस्तातल्या होस्टिंगवर ते असेलच असं नाही.

आता हे नुसतं गंमत म्हणून सोडू नका. कुठल्याही फॉर्मवर 'नाव जास्तीत जास्त २० अक्षरं' असतं ना, तिथे मागे स्ट्रलेन लावलेलं असेल तर 'ज्ञानेश्वर' आत जाणारच नाही, कारण बिचाऱ्याचे ३० बाइट होतात. टेस्टिंग करणाऱ्याने इंग्रजी नावं टाकून बघितली की सगळं हिरवंगार, आणि खरे युजर आले की बोंबाबोंब.

तुकडा कापणाऱ्या सबस्ट्रचंही तेच, 'पुणे'चा पहिला एक बाइट कापला की स्क्रीनवर तो प्रश्नचिन्हवाला चौकोन, तीन कापले की प, सहा कापले की पु. स्ट्रिंग उलटी करणारं स्ट्ररेव्ह तर विचारूच नका, बाइटच उलटे होतात म्हणजे नुसता कचरा. मग लोक म्हणतात एमबी_स्ट्र_स्प्लिटने चिन्हं सुटी करून त्यांची यादी म्हणजे अ‍ॅरे उलटा करा, करून बघा, मात्रा सगळ्यात पुढे येऊन एकटी लोंबकळते आणि उकार णला जाऊन चिकटतो :) प्रेग_मॅच_ऑलला बॅकस्लॅश कॅपिटल एक्स (म्हणजे एक पूर्ण अक्षर) आणि यू फ्लॅग दिला आणि मिळालेले तुकडे उलटे जोडले की 'णेपु' नीट मिळतं.

(स्ट्रटूअपर आणि यूसीवर्ड्स मराठीत सोडून द्या, आपल्याकडे कॅपिटल-स्मॉल भानगडच नाही.)

सगळंच बिघडतं असंही नाही हं. स्पेसवर तुकडे करणारं एक्सप्लोड, शब्द बदलणारं स्ट्र_रिप्लेस बिनधास्त वापरा. स्ट्रपॉसपण शोधतं बरोबर, फक्त जागा बाइटमध्ये सांगतं, आणि 'पुणे स्टेशन'मध्ये 'पुणे' शोधलं तर उत्तर शून्य येतं, ते इफमध्ये तसंच टाकलं की शून्य म्हणजे फॉल्स धरलं जातं आणि सापडलेलं असूनही 'नाही सापडलं' होतं, म्हणून तिथे फॉल्सशी तुलना तीन बरोबर चिन्हं (===) लावूनच करायची. पीएचपी ८ असेल तर स्ट्र_कंटेन्स आहे, ते सरळ ट्रू नाहीतर फॉल्सच देतं.