बाजाराबाहेरची घरं: टोरांटोचं वॉर्ड्स आयलंड

कॅनडातल्या टोरांटोसमोर ऑन्टारिओ सरोवरात काही बेटं आहेत. शहरात आलेले पाहुणे हमखास त्यांतल्या सेंटर आयलंडच्या उद्यानात जातात, हिरवळीवर डबे उघडतात, फोटो काढतात आणि परततात. माझा आग्रह आहे की शहराच्या धक्क्यावरून, म्हणजे जॅक लेटन टर्मिनलवरून, वॉर्ड्स आयलंडची फेरीबोट धरा. पंधराएक मिनिटांत तुम्ही अशा वस्तीत उतरता जिथे खासगी मोटारी चालत नाहीत. किराणा, सिमेंटची पोती, लहान मुलं, सगळं सायकलीमागच्या गाडीतून येतं. गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरासमोरच्या ओसऱ्यांवरून आरामात गप्पा चालतात.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथे उन्हाळ्यात तंबू पडायचे. त्या तंबूंच्याच जागी पुढे लाकडी घरं उभी राहिली, म्हणून अंगणं आजही एवढीशी आहेत. पूल ओलांडला की अल्गॉन्क्विन आयलंड. तिथली काही घरं १९३८ मध्ये बेटांच्या पश्चिम टोकाच्या हॅनलन्स पॉइंटवरून तराफ्यांवर चढवून आणली, कारण तिकडे विमानतळ व्हायचा होता.

खरी लढाई पुढची. १९५६ मध्ये बेटं मेट्रो टोरांटो या महानगर प्रशासनाच्या ताब्यात गेली आणि उद्यानासाठी घरं पाडायला सुरुवात झाली. सहाशेच्या वर घरांपैकी उरली अडीचशेच्या आसपास, याच दोन बेटांवरची. लोक वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या करत राहिले. २८ जुलै १९८० ला शेरीफ, म्हणजे कोर्टाचे हुकूम बजावणारा अधिकारी, घरं रिकामी करण्याच्या नोटिसा घेऊन आला, तेव्हा अख्खी वस्ती अल्गॉन्क्विनच्या पुलाशी उभी होती. शेरीफ परत गेला. त्या पुलावर मी बराच वेळ रेंगाळलो. छोटासा पूल आहे, पण माझ्या लेखी टोरांटोतलं सर्वांत मोलाचं स्मारक तोच.

१९९३ मध्ये ऑन्टारिओ प्रांताने कायदा केला. जमीन सार्वजनिकच राहिली, रहिवाशांना ९९ वर्षांचा भाडेपट्टा मिळाला आणि कारभार पाहायला एक न्यास नेमला. घर तुमचं, पण वाटेल त्या भावाला विकता येत नाही. किंमत नियमाने ठरते. राहायचंही स्वतःच. नवरा-बायको किंवा मुलांकडे घर जाऊ शकतं, एरवी ते प्रतीक्षायादीतल्या माणसाला. यादीत नावं फक्त ५००, आणि घर क्वचितच रिकामं होतं. बागेत तण काढणाऱ्या एका आजी म्हणाल्या, “माझ्या घराची किंमत काय, असं पाहुणे विचारतात. मी सांगते, इथे राहणं.”

मूठभर लोकांना सार्वजनिक जमीन का, असा आक्षेप टोरांटोत घेतला जातो, आणि तो रास्त आहे. तरी मुंबईत गिरण्यांच्या जमिनींचं काय झालं ते पाहिलेल्या मला वाटतं, घर म्हणजे गुंतवणूक नव्हे, असं कायद्यात लिहून घेणारी एक तरी वस्ती मोठ्या शहराच्या दारात असायलाच हवी.

हे सुख फुकट नाही. २०१७ मध्ये ऑन्टारिओ सरोवर चढलं, उद्यान कित्येक आठवडे बंद राहिलं आणि रहिवासी वाळूची पोती रचत होते. २०१९ मध्ये पाणी पुन्हा चढलं. हिवाळ्यात या वस्तीला शहराशी जोडते ती ‘ओंगियारा’ ही १९६३ सालची फेरीबोट.

जाणार असाल तर शेवटच्या फेरीची वेळ आधी बघून ठेवा आणि ओसऱ्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. तिथे माणसं राहतात.