कुकर आणि ट्रॉली

दुपारी सोलापूरच्या एसटी स्टँडवर बेवारस बॅग सापडली आणि आम्हाला गाडी घेऊन बाहेर उभं केलं. १०८ च्या ॲम्ब्युलन्सवर मी पायलट. आमच्यात ड्रायव्हरला पायलट म्हणतात. विमान मी अजून आतून पाहिलेलं नाही.

पाच मिनिटांत स्टँड रिकामं. चहावाला उतू जाणारं दूध सोडून पळाला. बायकोचा फोन, “अहो, तिथं थांबू नका! मी पोरांना शाळेतनं आणलं, शेजारणीच्या पोरीलापण घेतलं.” म्हणजे स्कूटीवर चौघं. “बरं केलंस,” म्हणालो मी. खरंच तसंच वाटलं तेव्हा.

बॉम्बशोधक पथक आलं, कुत्रं आलं. बॅगेत निघाला टॉवेलात गुंडाळलेला, कान तुटलेला कुकर. दुरुस्तीला निघाला असणार बिचारा.

हसायला सोपं आहे, पण तपासायलाच हवं होतं. २००८ चं सव्वीस-अकरा आम्ही टीव्हीसमोर बसून पाहिलंय. १६६ माणसं गेली. कुणी ठरवून मारायला आलं तर पोटात गोळा येणारच. पण थांबल्या थांबल्या आमच्या डॉक्टर मॅडमनी एक हिशेब सांगितला. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. दिवसाला साधारण ४६२. मी बोटांवर मोजलं, १६६ व्हायला नऊ तासही लागत नाहीत. त्यातली ५०,०२९ हेल्मेट न घातलेली.

अंधार पडला आणि कॉल आला, पुणे रोडला, कोंडीच्या पुढे. उसाचा हंगाम. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, ऊस बाहेर आलेला, मागं दिवा नाही. रिफ्लेक्टर होता, पण चिखलानं माखलेला. मी बोटानं पुसला तेव्हा आमच्या हेडलाइटमध्ये लाल चमकला. मोटारसायकल ट्रॉलीखाली. पोरगं विशीतलं. हेल्मेट आरशाला अडकवलेलं, काचेवरचं प्लॅस्टिकही काढलेलं नव्हतं.

एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं पोराचं डोकं दोन्ही हातांत धरून ठेवलं होतं, अजिबात न हलवता. शहाणा माणूस. मॅडम कॉलर बांधत होत्या. आमच्या गाडीवरचं सोलापूर वाचून त्यानं काळजीनं विचारलं, “स्टँडवर बॉम्ब फुटला म्हणं, किती गेले ओ?”

“कुणी नाही, काका. कुकर होता.”

“वाचलो म्हणायचं,” तो म्हणाला. त्याचे हात मनगटापर्यंत लाल झाले होते.

सिव्हिलला पोचवलं तेव्हा पोराचा श्वास चालू होता. पुढचं आम्हाला सहसा कळत नाही.

ड्यूटी संपवून घरी आलो तर आई दारातच मीठ-मोहऱ्या घेऊन उभी. “स्टँडवरनं सुखरूप आलास रे बाबा,” म्हणत तिनं तीनदा ओवाळलं. मी अजून गाडीवरच बसलेलो. हेल्मेट आरशाला होतं, सकाळी अडकवलं होतं तसंच.