बिटाचा रस आणि आईची वही

गेल्या पावसाळ्यात साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करताना मी बिटाचा रस सुरू केला. यवतेश्वरच्या घाटात दुसऱ्या वळणालाच धाप लागायची. रात्रीच दोन बिटं, आल्याचा तुकडा आणि लिंबू घालून रस पिळून ठेवायचा आणि पळायच्या अडीच तास आधी प्यायचा. महिन्याभरात त्याच वेगाला दम पुरायला लागला. सराव तर होताच, त्यामुळे सगळं श्रेय बिटाला देणार नाही. पण इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठात 2009 साली हेच मोजलं होतं: सहा दिवस रोज अर्धा लिटर रस घेतलेल्या तरुणांना त्याच व्यायामाला ऑक्सिजन कमी लागला आणि ते जास्त वेळ टिकले.

ते बघून आईनेही पेला पुढे केला. ती 74 वर्षांची, बीपीची गोळी चालू. सकाळ-संध्याकाळ मशिन लावून आकडे वहीत लिहिते. दोन आठवडे गेले, आकडे जागचे हलेनात.

मग माझं लक्ष बेसिनजवळच्या निळ्या बाटलीकडे गेलं. दाताच्या उपचारानंतर सुरू झालेलं जंतुनाशक माउथवॉश ती दोन्ही वेळा वापरत होती. खरी गंमत तिथेच आहे! बिटातलं नायट्रेट पोटातून रक्तात जातं, तिथून लाळेत उतरतं आणि जिभेच्या मागच्या भागावरचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. त्यापासून पुढे नायट्रिक ऑक्साइड बनतं आणि रक्तवाहिन्या सैल होतात. जिवाणूच मारले तर साखळी तुटते. लंडनमध्ये 2008 साली रस पाजून लोकांना लाळ थुंकायला लावली, तेव्हा बीपी उतरलंच नाही.

दंतवैद्यांना विचारलं, माउथवॉशची आता गरज नव्हती, ते बंद केलं. तीन आठवड्यांत आईचा वरचा आकडा 148 वरून 142 च्या आसपास आला. एका वहीने काही सिद्ध होत नाही. पण लंडनलाच 2015 मध्ये रोज 250 मिली रस घेणाऱ्या बीपीच्या रुग्णांमध्ये चार आठवड्यांत वरचा आकडा सरासरी 7.7 ने उतरला होता, आणि रस थांबवल्यावर परत चढला. गोळी मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सोडायची नाही, हे मी आईकडून दोनदा वदवून घेतलंय.

लघवी लाल झाली म्हणून एका सकाळी ती घाबरली होती. तो निव्वळ बिटाचा रंग. दादाला मात्र मुतखडा होऊन गेलाय आणि बिटात खडे बनायला हातभार लावणारं ऑक्झलेट भरपूर, म्हणून त्याच्या पेल्यात मी लिंबूपाणी ओतते.