पिग्मीवाल्या ताई आणि आमचं हजेरीपत्रक

सांगलीत विश्रामबागला आमचा लहान मुलांचा संगीत क्लास आहे. माझ्याकडे छोट्यांची हार्मोनियम आणि ऑफिस, ऑफिस म्हणजे एक टेबल, पावतीपुस्तक, हजेरीपत्रक आणि समोर उभे असलेले पालक. नियम सगळे मीच लिहिलेत आणि मीच राबवते, त्यामुळे शिव्यापण मलाच.

नियम असे फार नाहीत. प्रवेश जूनला आणि डिसेंबरला, तबल्याला सहा वर्षांखालचं मूल घेत नाही, फी तिमाही आगाऊ आणि भरलेली परत मिळत नाही. न कळवता सलग तीन वेळा गैरहजर राहिलं की जागा वेटिंगमधल्या मुलाला. हे कठोर वाटतं पण आमच्याकडे तबल्याच्या जोड्याच आठ आहेत, म्हणून बॅच आठची, नवव्याला काय मांडीवर वाजवायला लावणार? आणि परीक्षेचा फॉर्म भरायचा तर ७५ टक्के हजेरी पाहिजे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचे, नोव्हेंबर-डिसेंबर सत्राचे फॉर्म भरायची वेळ आली की मी कॅल्क्युलेटर घेऊन बसते आणि दरवर्षी दोन-तीन घरांशी वाईटपणा घेते. शास्त्रीय संगीताच्या परीक्षांचे दहावीला वाढीव मार्क मिळायला लागल्यापासून तर जास्तच, कारण मूल दुसरीत असलं तरी आईबापांचा हिशोब दहावीचा चालू असतो.

तबला शिकवणाऱ्या आमच्या सरांना हजेरी हा प्रकारच मान्य नाही. गुरूच्या घरी राहून शिकायचं त्यात हजेरी कसली, असं त्यांचं. मी त्यांना म्हणते, अहो सर, विष्णु दिगंबर पलुस्करबुवा इथं शेजारी मिरजेतच गायक बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे असेच शिकले, पण स्वतः १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं तेव्हा वर्ग केले, अभ्यासक्रम ठरवला, मग वर्ग आला की रजिस्टर आलंच की. सर हसतात आणि चहा मागवतात.

तर त्या रविवारी सकाळी प्रवेशिका प्रथमच्या, म्हणजे तबल्याच्या सुरुवातीच्या परीक्षेच्या बॅचमधल्या एका मुलाची आई आली. आदल्या दिवशी मी तिला मेसेज केला होता की २६ पैकी १७ हजर, ६५ टक्के, फॉर्म भरता येणार नाही. ह्या ताई एका पतसंस्थेच्या पिग्मी एजंट, सकाळ-संध्याकाळ दुकानं फिरून रोजचे पन्नास-शंभर गोळा करतात. खांद्याला ती नेहमीची बॅग आणि हातात सुतळीसकट भिंतीवरून काढून आणलेलं कालनिर्णय. मला वाटलं झालं, फी परत मागायला आल्यात. मी तोंडात वाक्यसुद्धा तयार ठेवलं होतं, की ताई तुम्ही जागेचे पैसे भरता, तासाचे नाही.

पण त्यांनी पैशाचा विषयच काढला नाही. कालनिर्णय टेबलावर जुलैच्या पानावर उघडून ठेवलं आणि म्हणाल्या, "मॅडम, तुमचं रजिस्टर काढा बगू, एकेक तारीख लावूया."

पान बघण्यासारखं होतं. प्रत्येक चौकोनात खाली दुधाचं, अर्धा लिटर, एक लिटर, खाडा. एका कोपऱ्यात सिलेंडर लावल्याची तारीख. आणि बुधवार-रविवारच्या चौकोनात निळ्या पेनानं "त" आणि त्याला गोल. गोल पूर्ण असेल तर पोरगा गेला, नुसता "त" असेल तर नाही गेला आणि पुढं बारीक अक्षरात कारण. "ताप." "ताप." "चाचणी." आषाढी एकादशीच्या चौकोनात मात्र "सर भजनाला." पुढच्याच रविवारी गुरुपौर्णिमा, तिथं "सर कोल्हापूर." महिन्याच्या शेवटी दोनदा "पाणी, क्लास बंद."

माझ्या रजिस्टरमध्ये ह्या चारही दिवशी त्याच्यापुढं "गै".

मी म्हटलं असं कसं होईल, कारण त्याच दिवशी बाकी तीन-चार मुलांपुढं "ह" आहे. क्लासच झाला नसेल तर ती हजर कुठं होती? मग वरच्या मजल्यावरच्या आमच्या मोठ्या विद्यार्थ्याला हाक मारली, किल्ली त्याच्याकडे असते. तो म्हणाला, मॅडम तुम्ही ग्रुपवर सुट्टीचा मेसेज टाकला पण काही जणांनी वाचला नाही, आली की पोरं, मग परत कशाला पाठवायची म्हणून मी थोडं पढंत, म्हणजे तोंडानं बोल म्हणणं, करून घेतलं आणि हजेरी लावली. त्याचं काय चुकलं? काही नाही. चुकलं माझं, मी महिन्याच्या तारखा आधीच लिहून ठेवते आणि महिनाअखेरीला जिथं रिकामं दिसेल तिथं सरळ "गै" टाकत जाते. म्हणजे आमचा मेसेज वाचून शहाण्यासारखी घरी थांबलेली मुलं गैरहजर आणि न वाचता आलेली हजर.

आणि ते पुराच्या पाण्याचे दिवस तर मला आठवायला पाहिजे होते. ह्या ताई मारुती चौकाजवळ राहतात. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, तेव्हापासून तिकडची माणसं ४० फुटांची इशारा पातळी यायची वाटच बघत नाहीत, तिशी ओलांडली की गाद्या वर जातात. त्यांनी पोराला मावशीकडे पाठवून दिलं होतं आणि त्याही दिवशी चौकोनात "त" लिहून पुढं "मावशीकडे" लिहिलं होतं. ती सुट्टी त्यांनी आमच्या नावावर नाही टाकली, स्वतःच्या टाकली. क्लास बंद झाला तो त्याच्या पुढच्या तारखेपासून.

ऑगस्टमध्ये अजून एक निघाला. वसुलीला उशीर झाला म्हणून पोरगा अर्धा तास उशिरा पोचला, मी हजेरी पहिल्या पाच मिनिटांत घेते, नंतर कोण उघडून बघतंय.

ताईंनी बॅगेतनं कॅल्क्युलेटर काढला. २६ मधनं चार वजा, २२. हजर १७ अधिक एक, १८. ८१ पूर्णांक काहीतरी. "चार दिवस आमचे आहेत मॅडम, ते ठेवा," म्हणाल्या. मग रजिस्टरकडे बघून हळूच म्हणाल्या, "मी एका दुकानाचे पन्नास लिहायला विसरले ना, तर तो मला दुसऱ्या दिवशी पायरी चढू देणार नाही." टोमणा होता की नुसतं सांगणं, अजून कळलं नाही मला. पण पाणी प्यायला उठले मी.

पोरगा एवढा वेळ चपलांच्या स्टँडशेजारी बसून गुडघ्यावर बोटं मारत होता. सर आले, काय झालं विचारलं, मी सांगितलं. सर त्याच्याकडे वळले, "तीनतालचा कायदा म्हण, हातावर." कायदा म्हणजे बोलांची ठरलेली रचना. त्यानं टाळी-खाली दाखवत म्हटला, धा तिट धा तिट धाधा तिट धागे तिना किना, खालीला ता तिट ता तिट, कुठं अडला नाही, दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत, जरा घाई केली तेवढीच. सर मला म्हणाले, हे आधी बघायचं होतं. मी म्हटलं, सर, एकादशीला आणि पौर्णिमेला तुम्ही कुठं होता ते आधी बघायचं होतं. नंतर दोघंपण गप्प.

फॉर्म भरला. ताईंनी सही करताना तारीख, वार आणि वेळसुद्धा लिहिली, सवय.

त्या रात्री मी सगळ्या बॅचचं रजिस्टर परत लावलं, चार रविवार-बुधवार लाल पेनानं उभे काटले. अजून एक मुलगा ७५ च्या वर आला. आता रजिस्टरमध्ये पहिली ओळ सरांची आहे आणि सर त्यावर नाराज आहेत, असू देत.

पण जुलैच्या शेवटी मी एका मुलीची जागा काढली होती, सलग तीन खाडे म्हणून. एकादशी, गुरुपौर्णिमा आणि त्यापुढचा बुधवार. म्हणजे खरा खाडा एकच. तिच्या जागी वेटिंगमधला मुलगा येऊन दोन महिने होत आले होते, त्याचा काय दोष, तरी दुसऱ्या दिवशी मी तिच्या आईला फोन केला. सगळं सांगितलं, चूक आमची होती म्हटलं, डिसेंबरला पहिली जागा तिचीच, फी नको म्हटलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. मागं टीव्ही चालू होता.

"नको मॅडम," म्हणाल्या. "तबला विकला आम्ही गणपतीच्या आधीच. भजनी मंडळवाले घेऊन गेले."