कात्रज ते आळंदी सायकलने: ग्रेड सेपरेटरमध्ये शिरू नका

"सगळं सलग शहर आहे, रस्ता सपाट, चार तासांत आळंदी," असं ग्रुपवर ठामपणे सांगितलं गेलं. त्या भरवशावर मामेभाऊ आणि मी रविवारी पहाटे साडेपाचला कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून निघालो. पोचायला साडेसहा तास लागले आणि मीटरवर ६१ किलोमीटर पडले.

सलग शहर ही समजूत आधी डोक्यातून काढा. स्वारगेट, कॅम्प, संगम पूल, खडकी, दापोडी, निगडी, देहूरोड, देहू असं गेलं की दोन महापालिका, तीन कॅन्टोन्मेंट, देहूची नगरपंचायत आणि आळंदीची नगरपरिषद लागते. हद्द बदलली की रस्त्याची रुंदी, दिवे, गतिरोधक सगळंच बदलतं. खडकीत झाडांखाली इतका अंधार होता की पुढचा दिवा लावूनही गतिरोधक चाकाखाली आल्यावरच कळला.

दापोडीचा हॅरिस पूल १८९५ सालचा. तो ओलांडून मुळा मागे टाकली की पिंपरी-चिंचवडची हद्द. खरा त्रास इथून. पुणे मुठेकाठी पेठांभोवती वाढलं. इकडे जुन्या मुंबई महामार्गाकडेला कारखाने आले, गावं एकमेकांना भिडली आणि १९८२ मध्ये त्यांची महापालिका झाली. म्हणजे महामार्ग हाच गावातला मुख्य रस्ता. लांबच्या गाड्यांसाठी दापोडी ते निगडी मधोमध वेगळी जलद लेन आहे, तिलाच ग्रेड सेपरेटर म्हणतात; बाजूला सर्व्हिस रोड.

फोनवरच्या नकाशाने मला "इन"मधून, म्हणजे आत शिरायच्या वाटेने, त्या मधल्या लेनमध्ये घातलं. आत गेल्यावर डावीकडे काँक्रीटची भिंत, थांबायला वीतभर जागा नाही. मागून टँकरचा हॉर्न. मी भिंतीला इतका चिकटलो की ग्लोव्ह बोटांवर फाटला. पुढचं "आऊट" येईपर्यंत पाय थरथरत होते. भाऊ बाहेर सर्व्हिस रोडवर राहिला म्हणून वाचला. ही लेन सायकलसाठी नाही, कोणी काहीही सांगो. दापोडी उतरल्यापासून डावी कड सोडू नका, नकाशाचा आवाज बंद ठेवा, आणि "इन" दिसलं की मान वळवून मागे बघा. बाहेर येणाऱ्या गाड्याही तुमच्याच अंगावर वळतात. साडेसातनंतर या पट्ट्यात जाऊच नका. कात्रजहून साडेचारला निघा.

निगडी ते देहू सोपं आहे. तुकोबांची पालखी देहूहून आकुर्डीमार्गे पुण्यात येते, तोच रस्ता आम्ही उलटा केला. इंद्रायणी दिसली तेव्हा मात्र भरून आलं.

पंक्चर किट आणि दोन लिटर पाणी तुमच्याकडे असेलच. पण परतीसाठी आळंदीत पैसे मोजायची तयारी ठेवा. छोट्या टेम्पोवाल्याने "हद्द बदलते, रिकामं परत यावं लागतं" म्हणून बाराशे मागितले, आणि दमलेलो असल्यामुळे नऊशेला गप्प बसलो. परत यायचा टेम्पो आदल्या दिवशीच ओळखीतून ठरवा. आणि भाडं पक्कं होईपर्यंत सायकल चढवू देऊ नका, एकदा वर गेली की आकडा खाली येत नाही.