आत्याच्या फुग्यावरचा लाल रंग

गेल्या पावसाळ्यात डोकेदुखीसाठी केलेल्या सीटी अँजिओग्राफीत, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या स्कॅनमध्ये, माझ्या आत्याच्या मेंदूच्या मधल्या धमनीला जिथे फाटा फुटतो, तिथे ५ मिलिमीटरचा फुगा, म्हणजे अ‍ॅन्युरिझम, आढळला. मी सोलापुरात एका अभियांत्रिकी महाविद्यालयात द्रवगतिशास्त्र शिकवतो, हे ठाऊक असल्यामुळे तिने सीडी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "पाणी कुठून कसं वाहतं ते तुझ्या कॉम्प्युटरवर दिसतं ना रे? मग हा फुटणार का, तेवढं बघून सांग."

काम वरकरणी सरळ आहे. स्कॅनमधून धमनीचा आकार वेगळा काढायचा, गणितासाठी त्याचे बारीक तुकडे पाडणारी जाळी त्यात भरायची आणि हृदयाच्या ठोक्यागणिक बदलणाऱ्या प्रवाहासाठी नेव्हिए-स्टोक्स, म्हणजे द्रवाच्या गतीची, समीकरणे सोडवायची. माझे दोन रविवार मात्र पहिल्याच पायरीवर गेले. धमनी आणि आजूबाजूचा भाग यांच्यातील करड्या रंगाची सीमारेषा किंचित सरकवली की फुग्याची मान रुंद होई, आणि थोडी आणखी सरकवली की शेजारची बारीक धमनी फुग्यालाच चिकटे. शिवाय आत शिरणाऱ्या रक्ताचा वेग आत्याचा नव्हताच. तो मोजलेला नसल्याने निरोगी माणसांच्या सरासरीवरून घेतला. भिंत ताठ मानली, तिची जाडी तर स्कॅनमध्ये दिसतच नाही.

या गणितातून जी राशी सर्वाधिक पाहिली जाते, ती म्हणजे वाहते रक्त भिंतीला घासून जाताना पडणारा ताण. तो साधारण काही पास्कल (दाब-ताणाचे एकक) असतो, तर पाऱ्याच्या १२० मिलिमीटरइतका रक्तदाब म्हणजे सुमारे १६,००० पास्कल. त्यामुळे हा घर्षणाचा ताण भिंत फाडतो, अशी कल्पना करून घेऊ नये. भिंतीच्या आतल्या अस्तराच्या पेशींना तो जाणवतो आणि त्यानुसार भिंत मजबूत राहते किंवा झिजत जाते.

पण धोका जास्त ताणाचा की कमी ताणाचा? कालव्याच्या वळणावर बाहेरचा काठ पाण्याच्या माऱ्याने खचतो आणि आतल्या बाजूला, जिथे पाणी संथ फिरत राहते, गाळ साचून शेवाळ धरते. फुग्यातही या दोन्ही जागा असतात, आणि संशोधकांनी दोन्हींवर बोट ठेवले आहे. २०११ मध्येच एका अभ्यासगटाला फुटलेल्या फुग्यांत कमी ताण आणि दिशा बदलणारा प्रवाह आढळला, तर दुसऱ्याला एकवटलेली धार आणि ताणाचे जास्त कमाल मूल्य. २०१४ मध्ये दोन्ही वाटांनी भिंत दुबळी होऊ शकते, अशी सांगड घालणारी मांडणी झाली. मला ती पटते, पण तिचा पेच असा की, ताण जास्त असो वा कमी, कोणत्याही चित्राकडे बोट दाखवून धोका आहे असे म्हणता येते. त्यातच यांतील बरेच अभ्यास आधीच फुटलेल्या फुग्यांच्या आकारावर बेतलेले आहेत, आणि तो आकार फुटण्याआधी तसाच होता, हे गृहीतच धरलेले असते.

डॉक्टरांनी त्यापेक्षा साधे कोष्टक वापरले. २०१४ च्या 'फेजेस' गुणपद्धतीत लोकसमूह, रक्तदाब, वय, फुग्याचे माप, पूर्वीचा रक्तस्राव आणि जागा एवढेच पाहतात. चौसष्ट वर्षांच्या आणि रक्तदाब असलेल्या आत्याचे गुण ३ भरले, म्हणजे पाच वर्षांत फुटण्याचा अंदाज ०.७ टक्के. हे कोष्टक ज्या रुग्णांवरून बनले ते युरोप, उत्तर अमेरिका आणि जपानमधले होते, हे मला खटकले. तरी गणितातून निघालेला ताण रंगांत दाखवणाऱ्या माझ्या चित्रामागे एवढाही आधार नव्हता.

ते चित्र आत्याला दाखवले, हीच माझी चूक झाली. फुग्याच्या टोकाशी लाल डाग पाहून ती म्हणाली, "लाल आहे, म्हणजे तिथेच फुटणार." कमी ताण निळा, जास्त लाल अशा रंगपट्टीची वरची मर्यादा मीच ठरवलेली होती. तिच्यासमोर ती दुप्पट केली, तेव्हा तोच डाग हिरवा झाला. ती बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली आणि मग विचारले, "मग यातलं खरं कोणतं?" आकडे दोन्हींत तेच आहेत, रंग माझा आहे, असे मी सांगितले.

क्लिपिंग (फुग्याच्या मानेला चिमटा लावणे) किंवा कॉइलिंग (फुग्यात बारीक तार भरणे) आता नको, रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही आणि पुन्हा स्कॅन करायचा, असे डॉक्टरांनी ठरवले आहे. पुढचा स्कॅन सोलापूरची जानेवारीतली गड्ड्याची यात्रा आटोपल्यावर आहे. फुगा वाढला आहे का, हे डॉक्टर मापून सांगतील. मी जाळी पुन्हा भरणार आहे, पण या वेळी रंगपट्टी जुनीच ठेवीन.